हळदीची हुंडी

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा सुरू झाला की आप्पांचा उजवा हात प्रथम पोत्यात जात असे. मूठभर हळकुंडे बाहेर काढावीत, एक बोटांत फिरवून पाहावे, मग ते मोडावे आणि मोडतानाचा आवाज ऐकावा, असा त्यांचा क्रम होता. नीट वाळलेले हळकुंड खणखणीत आवाज करते. आतला रंग डोळ्यांनी पाहायचा. पण ओलावा किती उरला आहे, हे बोटांनीच ओळखायचे. बेचाळीस वर्षे अडत दुकान चालविलेल्या माणसाला हे कोणी शिकवावे लागत नाही. हरिपूरच्या पेवांतून हळद निघत असे त्या काळापासून आप्पांची बोटे या व्यवहारात मुरलेली होती.

गेल्या दोन वर्षांत मात्र त्या बोटांनी साथ सोडावयास आरंभ केला. हळकुंड हातात आहे हे कळे. ते कोरडे की ओलसर, हे कळेना. पायांची अवस्था याहून बिकट होती. दिवसा पायांत मुंग्या येत, रात्री तळवे निखाऱ्यावर ठेवल्यासारखे जळत, आणि चालताना जमिनीऐवजी कापसावर पाऊल पडते आहे असे वाटे. एके दिवशी दुकानाच्या पायरीवर त्यांची एक चप्पल निसटली आणि ते तसेच वीस पावले पुढे गेले. हमालाने चप्पल उचलून आणून दिली तेव्हा आप्पांना ते समजले. दिवाणजी हसले, आप्पाही हसले. पण त्या रात्री ते बराच वेळ जागे होते.

आप्पांना मधुमेह होऊन एकोणीस वर्षे झाली होती. डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या, परंतु हिशेब चोख ठेवणारा हा माणूस स्वतःच्या रक्तातील साखरेचा हिशेब मात्र वर्षातून एकदाच पाही. मज्जातंतूंना इजा झाली आहे, साखर आटोक्यात ठेवा, असे डॉक्टरांनी सांगितले, तेव्हा आप्पांना तो उपाय न वाटता उपदेश वाटला. त्यांना औषध हवे होते.

ते औषध एका संध्याकाळी मोबाईलवर आले. हळदीतील कर्क्युमिन हे द्रव्य मेलेल्या मज्जातंतूंना पुन्हा पालवी फोडते, असा तो संदेश होता. ज्याचा सारा जन्म हळदीच्या धुळीत गेला, त्याला हा मजकूर किती गोड लागला असेल, याची कल्पना करता येते. हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर अमेरिकेत १९९५ मध्ये दिलेले पेटंट आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने आव्हान दिल्यानंतर १९९७ मध्ये रद्द झाले, तेव्हा यार्डात आनंदाने चर्चा झाली होती, हे आप्पांना आठवले. आजीबाईच्या बटव्याने अमेरिकेला एकदा माघार घ्यावयास लावली होती; मग आपल्या पायांचे दुखणे ते काय!

अमेरिकेतील एका नातलगाने कर्क्युमिनच्या कॅप्सूलची मोठी बाटली धाडली. कोणी सांगितले म्हणून आप्पा सकाळी अनशापोटी अंगणातील सदाफुलीची चार पानेही चावू लागले. ती साखरेवर गुणकारी, अशी त्यांची समजूत झाली. आणि एवढे सगळे नैसर्गिक उपचार चालू असताना रासायनिक गोळ्यांचा भार कशाला, या विचाराने त्यांनी रात्रीची गोळी बंद केली. हे त्यांनी घरात कोणाला सांगितले नाही. डॉक्टरांना तर नाहीच.

असे चार महिने गेले. चैत्रातील एका दुपारी बस्तीत एका कार्यक्रमाला गर्दी होती. प्रांगणातील फरशी उन्हाने तापलेली होती. बाकीची मंडळी टाचा उचलीत, पळत पळत सावलीकडे जात होती. आप्पा मात्र ओळखीच्या माणसांशी बोलत भर उन्हात शांतपणे उभे होते. एका मुलाने आईला विचारले, ‘आजोबांचे पाय भाजत नाहीत का?’ आप्पांनी ते ऐकले आणि त्यांना थोडा अभिमानच वाटला.

घरी आल्यावर आक्कांना फरशीवर ओलसर ठसे दिसले. त्यांनी आप्पांना खुर्चीवर बसविले आणि पाय उचलून पाहिला. दोन्ही तळव्यांवर मोठाले फोड उठून फुटले होते. उजव्या अंगठ्याखालील कातडे सुटले होते. ‘अहो, एवढे भाजले आणि तुम्हाला समजले नाही?’ आक्कांचा आवाज कापत होता. त्यांनी घाईने हळद आणून जखमेवर दाबली. दवाखान्यात डॉक्टरांना प्रथम ती हळद धुवून काढावी लागली.

ती जखम भरावयास सात आठवडे लागले. मधुमेही माणसाच्या संवेदना हरवलेल्या पायावरील लहानशी जखम चिघळून बोट, प्रसंगी पाऊल गमावण्याची वेळ येते, हे डॉक्टरांनी सर्वांसमक्ष सांगितले. त्यांनी आप्पांना डोळे मिटावयास लावून नायलॉनचा एक बारीक तंतू तळव्याच्या निरनिराळ्या जागी टेकवला. ‘लागले की सांगा.’ दहा जागांपैकी आठ ठिकाणी आप्पा काहीच बोलले नाहीत. आपण तपासणी सुरू होण्याची वाट पाहत आहोत, अशीच त्यांची समजूत होती.

याच सुमारास त्यांची नात सुटीसाठी घरी आली. ती औषधनिर्माणशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती. कपाटातील बाटली, अंगणातील तोडलेली सदाफुली आणि न संपलेल्या गोळ्यांची पाने या तिन्ही गोष्टी तिने एकाच दिवसात शोधून काढल्या. तिने आरडाओरडा केला नाही. दुकानातील एक जुनी वही घेऊन ती आप्पांच्या पायाशी बसली आणि म्हणाली, ‘आप्पा, आपण हिशेब मांडू या. जमा एका बाजूला, नावे दुसऱ्या बाजूला.’ आप्पांना ही भाषा समजली.

तिने आधी पायाचे दुखणे समजावून दिले. कमरेच्या मणक्यांजवळून निघून पायाच्या बोटापर्यंत जाणारा मज्जातंतूचा एकेक धागा सुमारे एक मीटर लांब असतो. रक्तातील वाढलेली साखर या धाग्यांना आणि त्यांना पोसणाऱ्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांना वर्षानुवर्षे झिजवते. सर्वांत लांब धागा सर्वांत आधी दुबळा होतो, म्हणून दुखणे बोटांच्या टोकापासून सुरू होऊन वर चढते. हातापायांतील मज्जातंतू पुन्हा वाढू शकतात, हे खरे. पण अनुकूल परिस्थितीतही त्यांचा वेग दिवसाला साधारण एक मिलिमीटर असतो. गुडघ्यापासून बोटापर्यंतचे अंतर भरून काढावयाचे तर वर्षाहून अधिक काळ लागेल, आणि तोही झीज थांबली तर! ‘एकीकडे भिंत पडत असता दुसरीकडे विटा रचून घर उभे राहत नाही,’ असे ती म्हणाली.

मग हळदीचा जमाखर्च निघाला. कर्क्युमिन १८१५ मध्ये हळदीतून वेगळे काढले गेले आणि १९१० मध्ये त्याची रासायनिक घडण निश्चित झाली. दाह कमी करण्याचा गुण प्रयोगशाळेत त्याने अनेकदा दाखविला आहे. मज्जातंतू चिरडलेल्या उंदरांना ते दिले असता तंतू लवकर सुधारल्याचेही आढळले आहे. ‘उंदरांचे मज्जातंतू चिरडतात?’ आप्पांनी मध्येच विचारले. नातीने होकारार्थी मान हलविली. आप्पा काही क्षण गप्प राहिले. ज्या संदेशाने त्यांना एवढा आनंद दिला होता, त्याच्या मुळाशी ही वेदना आहे, हे त्यांच्या ध्यानी आले नव्हते.

माणसांवरील प्रयोगही झाले आहेत, पण लहान. इराणमध्ये मधुमेहाच्या ८० रुग्णांवर ८ आठवडे कर्क्युमिनच्या अतिसूक्ष्म कणांचा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यांत लक्षणांची तीव्रता कमी झाल्याचे दिसले. ही जमेची बाजू. परंतु ८० माणसे आणि ८ आठवडे यांवरून लाखो रुग्णांचे औषध ठरत नाही. आणि लक्षणे सौम्य होणे म्हणजे मज्जातंतू नव्याने उगवणे नव्हे.

नावे बाजूला आणखी काही रकमा होत्या. हळकुंडात कर्क्युमिन शेकडा दोन ते पाच एवढेच असते, आणि पोटात गेलेल्या कर्क्युमिनपैकी फारच थोडे रक्तात पोहोचते. म्हणून कॅप्सूलमध्ये मिऱ्यातील पायपेरीन मिसळतात. पायपेरीनमुळे कर्क्युमिनचे शोषण कित्येक पटींनी वाढते, हे १९९८ मध्ये बंगळूरच्या संशोधकांनीच दाखवून दिले. पण जे दार कर्क्युमिनसाठी उघडते, तेच इतर काही औषधांसाठीही उघडते. त्यांचे रक्तातील प्रमाण मग अपेक्षेबाहेर वाढू शकते. २०१९ मध्ये इटलीत हळदीच्या अशा पूरक गोळ्या घेणाऱ्या काही जणांना यकृताचा दाह झाला आणि तेथील सरकारला वेष्टनावर इशारा छापण्याचा आदेश काढावा लागला. आमटीतील चिमूटभर हळद ही एक गोष्ट. अर्क काढून, शोषण वाढवून, महिनोन्‌महिने घेतलेली कॅप्सूल ही अगदी निराळी गोष्ट.

एवढे सांगून नातीने बाटली उलटी करून मागची बारीक अक्षरे वाचून दाखविली. कॅप्सूलचे कवच जिलेटिनचे होते. जिलेटिन म्हणजे प्राण्यांची हाडे व कातडी उकळून काढलेला पदार्थ. जमिनीतील ओली हळद वर्ज्य मानून वाळलेलीच वापरणाऱ्या त्या घरात चार महिने हे चालले होते. आप्पांनी बाटली हातातून खाली ठेवली. पेढीवर आलेल्या प्रत्येक कागदाची मागची बाजू वाचणाऱ्या माणसाने याच एका कागदाची मागची बाजू वाचली नव्हती. वनस्पतिजन्य सेल्युलोजचे कवच असलेल्या कॅप्सूलही मिळतात. विचारले असते तर कळले असते.

सदाफुलीचे प्रकरण याहून उद्बोधक होते. मधुमेहावरील लोकौषध म्हणून तिच्या पानांची तपासणी कॅनडातील रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर या शास्त्रज्ञांनी १९५० च्या दशकात केली. साखर काही उतरली नाही; मात्र प्रयोगातील प्राण्यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी घटल्या. त्या धाग्यावरून रक्ताच्या कर्करोगावरील मोलाची औषधे मिळाली आणि त्यांनी असंख्य मुलांचे प्राण वाचविले. पण त्यांपैकी व्हिन्क्रिस्टीन या औषधाचा ठळक दुष्परिणाम कोणता? हातापायांच्या मज्जातंतूंना इजा, मुंग्या आणि बधिरता. चार पानांत या द्रव्याचा अंश अत्यल्प असतो आणि आप्पांचे दुखणे त्यामुळे झाले नव्हते. तरी मज्जातंतूंच्या दुखण्यावर उतारा म्हणून ते नेमकी ही पाने चावत होते! धान्य-कडधान्याच्या व्यापाऱ्यांना लाखेच्या डाळीचे उदाहरण ठाऊकच आहे. दुष्काळात महिनोन्‌महिने तिच्यावरच गुजराण केलेल्या माणसांचे पाय कायमचे लुळे पडत, म्हणून १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली. वनस्पती म्हणजे अपाय नाहीच, हा हिशेब निसर्गाने कधीही मांडलेला नाही.

‘मग झाडपाल्यातून या दुखण्याला काहीच मिळाले नाही?’ आप्पांनी खिन्नपणे विचारले.

‘मिळाले आहे, आप्पा. मिरचीतून.’

मिरचीला तिखटपणा देणाऱ्या कॅप्सेसिनच्या साहाय्याने डेव्हिड ज्युलियस या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९९७ मध्ये मज्जातंतूंवरील एक दार शोधून काढले. तापलेली फरशी आणि तिखट मिरची ही दोन्ही एकाच दारावर थाप मारतात, म्हणूनच मिरचीने तोंड ‘भाजते’. या कामासाठी ज्युलियस यांना २०२१ मध्ये आर्डेम पटापुटियन यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. कॅप्सेसिनचे आठ टक्के प्रमाण असलेली पट्टी जाणकार व्यक्तीच्या देखरेखीखाली पायांवर अर्धा तास लावली, तर त्वचेतील वेदनावाहक टोके काही काळ शांत होतात आणि जळजळ कमी होते. मधुमेहींच्या पायांतील वेदनेसाठी अमेरिकेत २०२० मध्ये तिला मान्यता मिळाली. पण ही पट्टीसुद्धा वेदना शमविते. हरवलेली संवेदना परत आणीत नाही. आणि घरी मिरची वाटून पायाला लावणे हा तिचा पर्याय नव्हे, हेही नातीने आजोबांचा स्वभाव ओळखून आधीच बजावले.

आप्पांनी वहीतील दोन्ही बाजू पुन्हा एकदा वाचल्या. मग ते सावकाश म्हणाले, ‘म्हणजे हळदीची हुंडी खोटी नाही. पण तिची मुदत अजून भरलेली नाही. मी ती वटली असे समजून जमेस धरली आणि रोजची देणी थकविली.’

पेढी चालविणाऱ्या कोणाही माणसाला याहून अधिक सांगणे नको. प्रयोगशाळेतील शोध ही मुदतीची हुंडी असते. ती लिहिणारे प्रामाणिक असतील, पुढे ती पूर्ण किमतीने वटेलही. पण तोवर तिच्या भरवशावर कोणी घरखर्च चालवीत नाही.

थकलेल्या देण्यांत एक देणे असे निघाले, की ज्याचा घरात कोणी विचारच केला नव्हता. डॉक्टरांनी सांगितलेल्या रक्ततपासणीत ब-१२ जीवनसत्त्व अतिशय कमी आढळले. मज्जातंतूंवरील आवरण सुस्थितीत राहण्यासाठी हे जीवनसत्त्व अत्यावश्यक असते आणि भाजी, फळे, धान्ये, कडधान्ये यांतून ते मिळत नाही. शाकाहारी माणसाला ते मुख्यतः दूधदुभत्यातून, तेही थोडेसेच मिळते. आप्पांनी तर साखरेच्या धास्तीने चहातील दूधही सोडले होते. त्यात मधुमेहावरील मेटफॉर्मिन ही गोळी अनेक वर्षे घेतल्याने या जीवनसत्त्वाचे शोषण घटू शकते. हातांची बधिरता आणि कापसावर चालल्याची भावना यांत साखरेइतकाच या उणिवेचाही वाटा असावा, असे डॉक्टरांचे मत पडले. ज्या उपचाराचा पुरावा शंभर टक्के पक्का आहे, तो वनस्पतीतून मिळत नाही. आणि नेमका तोच राहून गेला होता. आप्पांना हे मान्य करणे जड गेले. ‘हे जीवनसत्त्व येते कशातून?’ हा त्यांचा पहिला प्रश्न होता. पूर्वी ते प्राण्यांच्या यकृतातून काढीत. आज जीवाणूंच्या साहाय्याने, आंबवण्याच्या प्रक्रियेने तयार करतात, हे नातीने लपवून न ठेवता सांगितले. आप्पांनी एक दिवस विचार केला आणि दुसऱ्या दिवशी इंजेक्शनसाठी दंड पुढे केला.

या गोष्टीला आता दीड वर्ष झाले आहे. आप्पा पूर्ण बरे झाले, असे लिहिता आले असते तर वाचकांना आवडले असते. परंतु तसे झालेले नाही. साखर आटोक्यात आली आहे. रात्रीची जळजळ पुष्कळ कमी झाली आहे. चालताना तोल जात नाही. हाताच्या बोटांत बरीच संवेदना परतली आहे. पायाची बोटे मात्र अद्याप मुकीच आहेत आणि ती कदाचित तशीच राहतील, हे त्यांनी स्वीकारले आहे. जे पाय स्वतः सांगू शकत नाहीत, त्यांची विचारपूस आता रोज रात्री केली जाते. आप्पा हातआरसा धरून तळवे न्याहाळतात आणि डोळ्यांना नीट दिसत नाही तेथे आक्का पाहतात. चप्पल घालण्यापूर्वी ती झटकून आत खडा नाही ना, हे पाहिले जाते. पाणी पायांवर घेण्याआधी आक्का त्यात हात घालून पाहतात. नवीन कोणतीही गोळी, काढा वा पाला घरात आला, तर त्याचे नाव प्रथम डॉक्टरांच्या कागदावर जाते.

बस्तीत आप्पा आता उजाडताच, फरशी गार असताना जातात. गेल्या चैत्रात त्यांनी विश्वस्तांना विनंती करून प्रवेशद्वारापासून सभामंडपापर्यंत काथ्याची जाड पट्टी स्वखर्चाने अंथरून घेतली आणि कडेने सावलीसाठी कापडी मांडव घातला. दात्याच्या नावाची पाटी लावू दिली नाही. त्यांच्या वयाचे, त्यांच्याच दुखण्याचे आणखी किती जण त्या पट्टीवरून चालतात, हे पहिल्या आठवड्यातच दिसून आले. त्यांतील चौघांनी पुढे आप्पांच्या सांगण्यावरून ब-१२ ची तपासणी करून घेतली.

यार्डात सौदा अजूनही होतो. आप्पा पोत्यात हात घालतात, हळकुंड बोटांत फिरवतात, मोडतात आणि आवाज ऐकतात. मग तेच हळकुंड शेजारी बसलेल्या मुलाच्या हातात देतात आणि विचारतात, ‘तुला कसे वाटते?’ दोघांचे एकमत झाले, तरच बोली लागते.